मधुमेहात लघवीची पिशवी पूर्ण रिकामी होत नसेल तर: पहिल्या नोंदीपासून नळीपर्यंत

मधुमेह जुना झाला की डॉक्टर डोळ्यांचा पडदा तपासायला सांगतात, तळपाय बघतात, किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन करायला लावतात. लघवीच्या पिशवीचं सहसा कुणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. बायका लाजेपोटी गप्प बसतात. पुरुषांकडे ‘वय झालं, प्रोस्टेट असेल’ हे उत्तर तयारच असतं. आणि मुख्य अडचण अशी की हे दुखणं दुखतच नाही. ज्या नसांनी ‘पिशवी भरली, आता ऊठ’ असं सांगायचं, त्याच नसा बिघडलेल्या असतात. म्हणून या सगळ्या लेखात एकच गोष्ट तुम्हाला वारंवार दिसेल: लागल्यासारखं वाटतं की नाही यावर विसंबायचं नाही, घड्याळ बघायचं आणि मिलीलिटर मोजायचे.

मी साताऱ्याकडची निवृत्त शिक्षिका, जुनी मधुमेही, आणि आता रोज स्वतःच्या हाताने नळी घालून लघवी काढणारी. डॉक्टर नाही. औषधांचे डोस इथे मिळणार नाहीत. कोणत्या क्रमाने जायचं, कुठे फसायला होतं आणि डॉक्टरांना काय विचारायचं, एवढं मिळेल.

१. आधी बिघाड नेमका काय आहे ते समजून घ्या

वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेने पायाच्या नसा जशा बधिर होतात, तशाच आतल्या अवयवांच्याही होतात. मोठ्या माणसाची पिशवी साधारण ४०० ते ५०० मिली लघवी धरते. दीडशे-दोनशे मिली साठली की पहिली जाणीव होते. नसा मंदावल्या की ही जाणीव उशिरा येते, मग ७००-८०० मिली साठली तरी माणूस निवांत टीव्ही बघत असतो. असं रोज ताणत राहिलं की पिशवीचा स्नायू जुन्या परकराच्या इलॅस्टिकसारखा ढिला पडतो. लघवीला जाऊन आलं तरी आत बरीच शिल्लक राहते. डॉक्टर याला ‘डायबेटिक सिस्टोपॅथी’ म्हणतात.

मात्र सुरुवात अनेकदा उलट्या टोकाने होते. सारखं लागतं, एकदम घाईचं लागतं, कडी काढेपर्यंत धीर निघत नाही. काही जणांना दोन्ही एकदम असतं: घाईही होते आणि पिशवी रिकामीही होत नाही. त्यामुळे ‘मला तर उलट सारखी होते, तुंबत कुठे?’ असं म्हणून विषय बंद करू नका. भरलेली पिशवी वरच्यावर थोडी थोडी सांडते, तेव्हाही सारखी होते असंच वाटतं.

खालच्यापैकी काही असेल तर पुढे वाचा: धार बारीक झाली आहे, सुरू व्हायला वेळ लागतो, पोटाला जोर द्यावा लागतो, होऊन गेल्यावर पाचच मिनिटांनी परत होते, झोपेत कपडे ओले होतात, वर्षातून दोन-तीनदा उन्हाळी लागते. शिवाय सकाळी उठून सात-आठ तास झाले तरी लघवीची आठवणच झाली नाही, हेही लक्षणच आहे. लोक याला ‘आमचा कंट्रोल चांगला’ म्हणतात! बसल्या जागेवरून उठताना चक्कर, हट्टी बद्धकोष्ठ, साखर उतरली तरी घाम-थरथर न जाणवणं, पुरुषांमध्ये ताठरता न येणं ही त्याच नसांची भावंडं. यातलं एक असेल तर पिशवीही तपासून घ्यावी.

२. तीन दिवसांची नोंदवही ठेवा

डॉक्टरकडे जायच्या आधी हे करा. एक स्वस्तातला, मिलीच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मापाचा मग आणा आणि त्यावर मार्करने मोठी फुली मारून बाथरूममध्येच ठेवा. घरात नातवंडं असतील तर फुलीचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

तीन दिवस, दिवसरात्र, प्रत्येक वेळी वेळ आणि मिली लिहायचे. किती पाणी-चहा घेतला, कधी गळती झाली, खरंच लागली म्हणून गेलात की वेळ झाली म्हणून, तेही लिहा. तीन दिवस सलग नसले तरी चालतील, पण प्रत्येक दिवस पूर्ण चोवीस तासांचा हवा. निम्मा दिवस लिहून उरलेला आठवून भरलात तर नोंदीचा उपयोग नाही.

मग आकड्यांकडे बघा. बरंचसं इथेच उलगडतं.

खूप वेळा आणि प्रत्येक वेळी भरपूर, चोवीस तासांत तीन लिटरच्या वर: हा बहुधा साखरेचा प्रताप. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि स्वतःबरोबर पाणी ओढून नेते. आधी साखर आटोक्यात आणा, मग पिशवीचा विचार.

खूप वेळा पण प्रत्येक वेळी ५०-१०० मिली: अतिचपळ पिशवी, जंतुसंसर्ग, किंवा आत बरीच शिल्लक राहणं. यातलं काय ते तपासणीशिवाय कळत नाही.

दिवसातून तीनदाच, पण एकेका वेळी ६००-७०० मिली: जाणीव गेली आहे. तक्रार काहीच नसते, म्हणून हा प्रकार सगळ्यात उशिरा सापडतो.

रात्रीची सगळी बेरीज चोवीस तासांच्या एकतृतीयांशाहून जास्त: दोष पिशवीचा नसून रात्री लघवी जास्त तयार होत असेल. दिवसभर पायावर आलेली सूज आडवं झाल्यावर रात्री उतरते, घोरण्याचा आजार असला तरी असं होतं. हे हृदयाचं किंवा किडनीचंही लक्षण असू शकतं, त्यामुळे डॉक्टरांना आवर्जून दाखवा.

३. फाइल तयार करा, आणि गोळ्यांचा डबाच घेऊन जा

दाखवायचं यूरोलॉजिस्टना. नेफ्रोलॉजिस्ट किडनीच्या कामाचे डॉक्टर, यूरोलॉजिस्ट लघवीच्या मार्गाचे. तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेतलीत तर दोघांत बोलणं सोपं जातं. सोबत हे असू द्या:

- नोंदवहीची तीन पानं
- गेल्या तीन महिन्यांतलं एचबीएवनसी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी), उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर
- क्रिएटिनिन, आणि लघवीतल्या अल्ब्युमिनचं प्रमाण दाखवणारा एसीआर रिपोर्ट (३० च्या आत हवा)
- आधीचे लघवीचे कल्चर रिपोर्ट (लघवीत कोणते जंतू वाढतात ते बघणारी तपासणी), जुन्या सोनोग्राफी
- झालेली ऑपरेशनं: गर्भपिशवी, मणका, हर्निया, प्रोस्टेट, सिझेरियन
- जास्त वर्षं मेटफॉर्मिन घेत असाल तर बी-१२ ची पातळी. मेटफॉर्मिनने ती घटू शकते आणि बी-१२ कमी पडलं तरी नसाच बिघडतात. मग साखरेच्या माथी दुसऱ्याचंही पाप जातं.

आणि गोळ्या. यादी लिहून नेऊ नका, स्ट्रिपाच डब्यात घालून न्या. कारण पिशवी बिघडवणारी औषधं बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणीतरी दुसऱ्याच कारणासाठी दिलेली असतात, आणि आपल्या लेखी ती ‘औषधं’ नसतातच.

तळपायाची आग होते म्हणून मधुमेहींना रात्री अमिट्रिप्टिलिन देतात. आग कमी होते, झोपही लागते, पण तीच गोळी पिशवीचं आकुंचन आणखी मंद करते. सर्दीच्या गोळ्यांत क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन असतं. एक झोप आणतं आणि पिशवी सुस्त करतं, दुसरं पिशवीचं तोंड आवळतं. चार दिवस सर्दीची गोळी घेतली आणि पाचव्या दिवशी लघवी अडली म्हणून दवाखान्यात, हे कुठल्याही यूरोलॉजिस्टला नवं नाही. पोटात मुरडा आला म्हणून घेतलेली डायसायक्लोमिनची गोळीही त्याच माळेतली. आणि सगळ्यात मोठा सापळा म्हणजे घाईच्या लघवीवरची गोळी: सॉलिफेनासिन, ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन. पिशवी खरोखर अतिचपळ असेल तर ती गुणकारी आहे. पण आत ३०० मिली शिल्लक असल्यामुळे सारखी होत असेल, तर हीच गोळी उरलीसुरली वाटही बंद करते. म्हणून ही गोळी सुरू करण्याआधी एवढंच विचारा: ‘डॉक्टर, शिल्लक किती राहते ते मोजायचं का आधी?’

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्यांबद्दलही बोलायला हवं. त्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात. त्यामुळे लघवी वाढते, आणि साखर काबूत असली तरी लघवीच्या रिपोर्टमध्ये ग्लुकोजपुढे अधिकची तीन-चार चिन्हं (+++) दिसतात. ते पाहून घाबरून जाऊ नका. बाहेरच्या भागाला खाज आणि पांढरा चिकट थर आला तर ती बुरशी, तिचा इलाज वेगळा आणि सोपा. मात्र या गोळ्या हृदयाला आणि किडनीला फायदा करतात, त्यामुळे शेजारणीचं ऐकून स्वतःहून बंद करायच्या नाहीत.

४. तपासण्या: काय विचारायचं, कुठे अडून बसायचं

पहिली तपासणी बहुधा सोनोग्राफी. तीत किडन्या, पिशवी आणि लघवी केल्यानंतरची शिल्लक बघतात. इथे मधुमेहींची हमखास फजिती होते. केंद्रावर सांगतात, ‘पाणी पीत बसा, प्रेशर आलं की सांगा.’ आपल्याला प्रेशर येतच नाही! बाजूला बसलेल्या बायका एकेक करून आत जाऊन येतात, आपण आपले चौथी बाटली संपवतो. तासा-दीड तासाने आत नेतात तेव्हा पिशवीत ८०० मिली असतात. इतक्या ताणलेल्या पिशवीने चांगल्या नसांच्या माणसालाही नीट होत नाही. वर बाहेरचं ओलं संडास, दाराला कडी नाही, बाहेरून कुणी ठकठक करतंय. मग शिल्लक २५० आली तर त्यात नवल काय?

त्यामुळे आत गेल्यावर सांगायचं: ‘मला मधुमेह आहे, जाणीव कमी आहे, अर्ध्या-पाऊण तासाने सोनोग्राफीच्या प्रोबने पिशवी किती भरली ते बघून घ्या.’ भरलेली पिशवी ५०० च्या फार वर गेली असेल तर थोडी लघवी करून, थोडं थांबून, पुन्हा मोजायला सांगा. लघवी करून आल्यावर लगेच, दहा मिनिटांच्या आत मोजमाप व्हायला हवं. बाहेर बाकड्यावर अर्धा तास बसवलं तर किडनी तेवढ्यात नवी लघवी खाली सोडते. आणि रिपोर्टमध्ये ‘शिल्लक नगण्य’ किंवा ‘लक्षणीय’ असा शब्द चालवून घेऊ नका. भरलेली किती आणि उरलेली किती, दोन्ही आकडे मिलीत लिहून मागा.

शिल्लक ५० मिलीच्या आत असेल तर छान. उतारवयात १०० पर्यंत बहुतेक डॉक्टर चालवून घेतात. २०० च्या पुढे गेली की उपचाराचं बोलणं सुरू होतं. वारंवार ३०० च्या वर असेल आणि सोबत किडनीला सूज दिसत असेल, तर टाळाटाळ करायची वेळ गेली. एकाच मोजणीवरून मात्र कुठलाही निर्णय होऊ देऊ नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.

दुसरी, यूरोफ्लोमेट्री. यंत्र बसवलेल्या भांड्यात लघवी करायची, धारेचा आलेख निघतो. सर्वाधिक वेग सेकंदाला १५ मिलीच्या वर असला तर ठीक, १० च्या खाली असला तर अडथळा तरी आहे किंवा स्नायू तरी दुबळा. एकूण लघवी दीडशे मिलीपेक्षा कमी झाली तर तो आलेख धरू नये, पुन्हा करावा.

लघवीचं कल्चर तिसरं. नमुना द्यायची पद्धत कुणी सांगत नाही: भाग पाण्याने धुवायचा, पहिली धार सोडून द्यायची, मधली धार निर्जंतुक डबीत घ्यायची, डबीच्या आत बोट लावायचं नाही. घरून नेत असाल तर तासा-दोन तासांत लॅबमध्ये पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी नमुना द्यायचा, नंतर दिलेल्या नमुन्यात जंतू सापडले नाहीत तरी त्याला अर्थ नाही. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात.

चौथी तपासणी यूरोडायनॅमिक्स, ‘यूडीएस’. एक बारीक नळी पिशवीत, एक गुदमार्गात, सलाइनने पिशवी हळूहळू भरतात आणि ‘पहिल्यांदा कधी जाणवलं? घाई कधी झाली?’ विचारत राहतात. मग नळीसकट लघवी करायला लावतात. अवघडल्यासारखं होतं, दुखत फारसं नाही. सगळ्यांना लागत नाही. पण अडथळा की दुबळेपणा, याचं खात्रीचं उत्तर हीच तपासणी देते.

५. पुरुषांसाठी एक ताकीद, बायकांसाठी दुसरी

पन्नाशी-साठीच्या मधुमेही पुरुषाची धार बारीक झाली की प्रोस्टेटवर शिक्का बसतो. बऱ्याचदा तो बरोबरही असतो. पण प्रोस्टेट वाढलेली असणं आणि लघवी प्रोस्टेटमुळेच अडणं या दोन गोष्टी आहेत. स्नायूच दुबळा असेल तर प्रोस्टेट खरवडून काढली तरी धार सुधारत नाही. जुना मधुमेह, मोठी शिल्लक आणि ऑपरेशनचा सल्ला, असं एकत्र आलं तर ऑपरेशनआधी यूडीएस करायची का हे जरूर विचारा. टॅम्सुलोसिन किंवा सिलोडोसिन ही प्रोस्टेटची गोळी सुरू केली तर अंथरुणातून एकदम उठू नका. मधुमेहींचा रक्तदाब उठताना आधीच घसरतो, त्यात या गोळीची भर पडते. आधी बसा, पाय हलवा, मग उभे राहा.

बायकांची गाडी स्त्रीरोगतज्ज्ञाकडून पुढे जातच नाही. अंग बाहेर येत असेल तर त्यानेही लघवी अडते, ते तपासायलाच हवं. खोकताना-शिंकताना गळत असेल तर ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम उपयोगी पडतात. पण वारंवार उन्हाळी लागत असेल आणि शिल्लक कुणीच मोजली नसेल, तर ‘मोजा’ म्हणून आपणच मागणी करायची. आमच्या पिढीच्या शिक्षिकांनी, एसटीच्या वाहकांनी, बाजारात बसणाऱ्या बायांनी दिवसदिवस लघवी दाबून नोकऱ्या आणि धंदे केले आहेत. त्यात साखर आली की पिशवीला दुहेरी मार. हा राग मी इथेच सोडते.

६. घड्याळाने लघवी करा

शिल्लक फार नसेल तर बहुतेक डॉक्टर इथूनच सुरुवात करतात.

लागो न लागो, दर तीन तासांनी जायचं. मोबाइलवर गजर लावा. गजराला ‘लघवी’ असं नाव देऊ नका, लग्नाच्या पंगतीत फोन शेजारणीच्या हातात असतो.

पुरुषांनीही बसून करावी. निवांत बसायचं, पाय जमिनीला टेकलेले, थोडं पुढे वाकून. झाली की उठायचं नाही. दोन-तीन मिनिटं थांबायचं, हवं तर उभं राहून परत बसायचं, आणि पुन्हा प्रयत्न करायचा. या दुसऱ्या खेपेला शंभर-दीडशे मिली निघाले तर समजा, इतके दिवस ते आतच राहत होते.

ओटीपोट हाताने दाबून लघवी काढायची सवय काहींना असते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तसं करू नका. दाबामुळे लघवी उलटी किडनीकडे चढू शकते.

पाणी कमी करू नका. चहा-कॉफी कमी करा, संध्याकाळनंतर पाण्याचं प्रमाण थोडं उतरवा, एवढंच. हृदयाच्या किंवा किडनीच्या कारणाने पाणी मोजून दिलं असेल तर तोच हिशेब पाळा. बद्धकोष्ठ मात्र हटवलंच पाहिजे. भरलेलं आतडं पिशवीला रेटतं आणि शिल्लक वाढते.

७. नळीला घाबरू नका

घड्याळाने आणि गोळ्यांनी शिल्लक कमी होत नसेल तर डॉक्टर ‘सीआयसी’ (क्लीन इंटरमिटंट कॅथेटरायझेशन) सुचवतात: ठरावीक वेळी स्वतः बारीक नळी घालून पिशवी रिकामी करायची आणि नळी काढून टाकायची. ऐकताना अंगावर काटा येतो हे मान्य. पण पर्याय काय, ते बघा. कायमची आत ठेवलेली फोली नळी आणि पायाला लटकणारी लघवीची प्लास्टिकची पिशवी. ती आत राहते, तिच्यावर जंतू थर धरतात, साधी लॅटेक्सची तीन-चार आठवड्यांनी बदलावी लागते. सीआयसीत नळी आत असते जेमतेम पाच मिनिटं, बाकी दिवस तुम्ही मोकळे.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या जॅक लॅपिडिस या यूरोलॉजिस्टने १९७२ मध्ये ही पद्धत मांडली. तोपर्यंत नळी घालायची तर ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक वातावरण हवं असा समज होता. त्यांचं म्हणणं, साध्या स्वच्छतेने भागतं. संसर्गाला नळीपेक्षा ताणलेली, तुंबलेली पिशवी जास्त जबाबदार असते. घरच्या बाथरूममध्ये हे करता येतं ते त्यामुळेच.

सर्जिकलच्या दुकानात ‘नेलाटॉन कॅथेटर’ मागा. मापाला एफआर किंवा एफजी म्हणतात, ३ एफआर म्हणजे १ मिलिमीटर जाडी. बायकांना साधारण १० किंवा १२, पुरुषांना १२ किंवा १४ लागते. टोकाचा रंग बघून माप ओळखता येतं: १० काळा, १२ पांढरा, १४ हिरवा. दुकानदाराने ‘तेच आहे हो’ म्हणून केशरी टोकाची दिली तर ती १६ नंबरची, परत करा. सोबत लिग्नोकेन जेली (जागा बधिर करणारी, बुळबुळीत), साबण, मापाचा मग आणि बायकांना छोटा उभा राहणारा आरसा. पहिले काही दिवस आरसा फार उपयोगी पडतो, नंतर बोटांनाच जागा कळते.

पहिल्यांदा नर्सच्या समोर करा, एकदा तिने करून दाखवू दे आणि मग तिच्या देखत तुम्ही. व्हिडिओ बघून एकट्याने सुरुवात करू नका.

बायकांनी: आधी जमेल तेवढी लघवी आपली आपण करायची. हात साबणाने धुवायचे. कमोडवर पाय फाकवून बसायचं, किंवा एक पाय स्टुलावर ठेवून उभं राहायचं. भाग पुढून मागे धुवायचा, मागून पुढे कधीच नाही. डाव्या हाताच्या दोन बोटांनी ओठ बाजूला धरायचे. लघवीचं छिद्र योनीच्या वर असतं, बारीक खळीसारखं. जेली लावलेली नळी हळू आत सरकवायची, दोन-तीन इंचांत लघवी येते. आली की आणखी एक इंच आत. थांबली की नळी हळूहळू बाहेर ओढायची. ओढताना पुन्हा धार लागली तर तिथेच थांबायचं, तळाशी उरलेलं असंच निघतं. नळी चुकून योनीत गेली तर ती तिथेच राहू द्या आणि दुसरी नळी तिच्या वरच्या छिद्रात घाला. पुन्हा चुकणार नाही.

पुरुषांनी शिश्न वर, पोटाकडे धरून नळी घालायची. अंतर बरंच लांब, सात-आठ इंच. प्रोस्टेटपाशी अडल्यासारखं होतं. तिथे जोर करायचा नाही, लांब श्वास घ्यायचा, सैल सोडायचं, मग पुढे. थेंबभर रक्त सुरुवातीला दिसू शकतं. धार लाल झाली किंवा नळी जातच नसेल तर डॉक्टर.

दिवसातून किती वेळा, ते शिल्लक बघून डॉक्टर ठरवतात. अजिबात होत नसेल त्यांना साधारण चार ते सहा वेळा लागते. एका वेळी निघणारा आकडा ४००-५०० च्या वर जायला लागला तर मधलं अंतर कमी करा. प्रत्येक वेळचा आकडा लिहा. शिल्लक सतत १०० च्या आत यायला लागली तर डॉक्टर नळी घालायच्या वेळा कमीही करतात.

पाकिटावर ‘एकदाच वापरा’ असं लिहिलेलं असतं. खर्चापायी बरेच जण धुऊन, पूर्ण वाळवून, कोरड्या झाकणाच्या डब्यात ठेवून पुन्हा वापरतात, आणि आपल्याकडचे कित्येक डॉक्टर तशी परवानगी देतात. तुमच्यासाठी चालेल का आणि किती वेळा, हे त्यांनाच विचारा. ओली नळी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं मात्र कुणालाच चालत नाही.

प्रवासात एका चेनच्या पाउचमध्ये: दोन नळ्या, जेली, ओले पुसणे, हात धुवायची कागदी साबणं, वापरलेल्या नळीसाठी वेगळी पिशवी. संडास अस्वच्छ असेल तर उभ्याने करायला आधी घरी शिकून घ्या. साडीत जमतं, सवयीचा प्रश्न आहे.

८. जंतुसंसर्ग: कधी औषध, कधी नाही, कधी धावत सुटायचं

जळजळ, नव्याने सुरू झालेली घाई, ओटीपोटात दुखणं, ताप: ही लक्षणं असतील तर कल्चर देऊन उपचार. लक्षण काहीच नाही आणि सहज केलेल्या कल्चरमध्ये जंतू निघाले, तर मधुमेह असला तरी सहसा औषध लागत नाही. नळी वापरणाऱ्यांच्या लघवीत जंतू असतातच. नुसता वास किंवा गढूळपणा पुरेसा नाही. उगाच घेतलेली अँटिबायोटिक्स खऱ्या गरजेच्या वेळी दगा देतात. गरोदर बाई असेल किंवा लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन ठरलं असेल तर मात्र नियम वेगळा.

धण्याचं पाणी, सब्जा खुशाल घ्या. पण त्यावर दिवस ढकलू नका. मेडिकलमधलं जळजळीचं सिरप जळजळ दाबतं, जंतू मारत नाही. आणि घ्यायचंच झालं तर त्यात साखर आहे का ते लेबलवर बघा.

ग्लिमेपिराइडसारखी साखरेची गोळी घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन गटातल्या अँटिबायोटिकने साखर एकदम उतरू शकते. कोर्स चालू असेपर्यंत ग्लुकोमीटर जवळ ठेवा, जेवण चुकवू नका.

हुडहुडी भरून ताप, बरगडीखाली एका कुशीत दुखणं, उलट्या, गुंगी, किंवा सहा-आठ तास लघवीच नाही आणि ओटीपोट फुगलेलं, यातलं काही झालं तर सकाळची वाट बघू नका. मधुमेहींच्या किडनीत असा संसर्ग होऊ शकतो ज्यात जंतू आत वायू तयार करतात, आणि त्यात जीव जाऊ शकतो. रात्री दोन वाजले असले तरी मोठ्या रुग्णालयात जा आणि दारातच सांगा: ‘मधुमेह आहे, लघवीचा संसर्ग आहे.’

९. पैशांचं

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यादीतल्या रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर आधी विचारा, बिल झाल्यावर नव्हे. रोजच्या नळ्या, जेली, बाह्यरुग्ण तपासण्या सहसा आपल्याच खिशातून. मधुमेहाच्या आणि प्रोस्टेटच्या कित्येक गोळ्या जनऔषधी केंद्रात बऱ्याच स्वस्त मिळतात. नळ्या सुट्या घेण्यापेक्षा पूर्ण खोका घ्या. मुंबईकरांना प्रिन्सेस स्ट्रीटच्या घाऊक दुकानांत भावात चांगलाच फरक पडतो. खोक्यावरची मुदत बघून घ्या.

१०. पुढे काय तपासत राहायचं

घडी बसल्यावर साधारण सहा महिन्यांनी क्रिएटिनिन आणि शिल्लक मोजणारी सोनोग्राफी, तीन महिन्यांनी एचबीएवनसी. तुमचे डॉक्टर वेगळं सांगतील तर तसं. साखर सुधारल्याने ढिली पडलेली पिशवी पहिल्यासारखी होईलच असं नाही, पण उरलेल्या नसा टिकतात आणि लघवीचं प्रमाण आटोक्यात राहतं. प्रत्येक भेटीच्या आधीच्या आठवड्यात दोन दिवसांची नोंद करा. नवीन गोळी कुणीही दिली, दातांच्या डॉक्टरांनी दिली तरी, आधी विचारा: याने लघवी अडते का?